जिना कुठं उतरणार

औरंगपुऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक रेल्वे स्थानक आहे. म्हणजे नाही. पण मी त्यात इतक्या वेळा चढलो-उतरलो आहे, की ते नाही हे मला मुद्दाम आठवावं लागतं. भाजी आणायला निघालो, की दुभाजकातल्या करपलेल्या कण्हेरीच्या जागी मला खांब दिसतो. मेडिकलच्या पाटीवर फलाटाची कड दिसते. रिक्षावाले पुढचं चाक आडवं लावून उभे असतात तिथे लिफ्ट आहे. एकदा त्या लिफ्टच्या दारातून बाजूला व्हायचं म्हणून मी खरोखरच डावीकडे सरकलो आणि मागून येणाऱ्या स्कूटीवर जवळजवळ जाऊन पडलो. गाडीवरच्या बाईंनी मला जे ऐकवलं ते बरोबरच होतं.

मी ड्राफ्ट्समन आहे. नकाशे काढतो, ठरवत नाही. हे वाक्य मी अलीकडे स्वतःशी इतकं घोकलं आहे, की त्याचा नक्की अर्थ काय हे आता मलाच कळेनासं झालं आहे.

आमचं ऑफिस जालना रोडवर एका बँकेच्या वर आहे. शहरात रेल्वे आणायची म्हणून जे मोठं काम चाललं होतं, त्यातला एक तुकडा एका कंपनीकडे होता आणि त्या तुकड्याचा एक तुकडा आमच्याकडे. त्यामुळे प्रकल्प होणार की नाही, झाला तर कधी, हे विचारायचं कुणाला, हेच आम्हाला माहीत नसे. सकाळचं वर्तमानपत्र वाचून कळायचं, की आज आपण काय काढणार आहोत. कधी मेट्रो, कधी हलकी रेल्वे, कधी रबरी चाकांची गाडी, कधी उड्डाणपुलाच्या डोक्यावरून जाणारं काहीतरी. गाडी बदलली की फलाटाची उंची बदलायची, फलाट बदलला की जिना बदलायचा. मधेच शहराचं नाव बदललं तेव्हा प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यातली चौकट बदलायला लागली. नवं नाव लांब आहे, जुन्या चौकटीत मावेना. त्या एका कामात माझा अख्खा आठवडा गेला.

औरंगपुऱ्याचं स्थानक पहिल्यांदा काढलं तेव्हा ते रस्त्याच्या मधोमध खांबांवर होतं. मग कुणीतरी म्हणालं, जुन्या शहरात खांब नकोत, जमिनीखाली घ्या. ते जमिनीखाली घेतलं तर खाली जुनी नहर निघाली. या शहराला डोंगराकडून पाणी आणणारे ते मातीच्या नळांचे जुने रस्ते नेमके कुठून जातात, हे सांगणारा एकही धड नकाशा आम्हाला मिळाला नाही. मिळाले ते तीन, आणि तिन्हींत नहर वेगवेगळ्या गल्लीतून जात होती. म्हणून स्थानक पुन्हा वर आलं.

वर आल्यावर मात्र ते सुंदर झालं. हे मला कबूल केलंच पाहिजे. आमच्या मॅडम पुण्याहून आलेल्या, वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, स्थानकाचा आराखडा त्यांचा. त्यांनी पहिले काही दिवस फक्त शहराचे दरवाजे बघण्यात घालवले. पैठण गेटाखाली उभं राहून त्या कमानीचा फोटो काढायच्या आणि मागून हॉर्न वाजले तरी हलायच्या नाहीत. त्या म्हणाल्या, "काका, इथे काचेचा डबा नको. लोकांना आपण दरवाजातून आत जातोय असं वाटलं पाहिजे." म्हणून तिकीटघराला कमानी आल्या. फलाटाच्या बाजूंना जाळी आली, ऊन चाळून घेणारी. रंग चुन्याचा. वर फलाटावर उभं राहिलं, की एका बाजूला मकबऱ्याचा घुमट दिसावा आणि त्याच्या मागे डोंगर, म्हणून त्यांनी जाळीचा एक भाग मोकळा ठेवला. तो दिसेल की नाही याची खात्री करायला मी आमच्या गच्चीवर चढून बघितलं होतं. दिसतो. धूळ नसेल तर.

अडचण फक्त जिन्यांची होती. शहराच्या मध्यातलं स्थानक वर कसंही तरंगू शकतं, पण जिन्याला खाली कुठेतरी पाय टेकावा लागतो. फूटपाथवर टेकवा असा नियम, आणि औरंगपुऱ्यात फूटपाथ म्हणजे दुकानांच्या पायऱ्या. त्यामुळे एकेक जिना म्हणजे एकेक दार. सगळ्यात अरुंद जागा आमच्या गल्लीच्या तोंडाशी. तिथला जिना पहिल्या नकाशात आमच्या इमारतीच्या दारासमोर उतरत होता.

आमचं घर म्हणजे वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या. आजोबा भिक्षुकी करायचे, वडील कोर्टात कारकून होते. त्यांनी निवृत्त व्हायच्या आधी हे घर घेतलं. आता मी, बायको आणि आई राहतो. वडील उन्हाळ्यात कोर्टातून चालत यायचे आणि आल्यावर बोलायच्या आधी तांब्याभर पाणी प्यायचे. ते गेल्यावर आईने इमारतीच्या दारात रांजण ठेवायला सुरुवात केली. पाडव्याला रांजण बाहेर येतो. त्याच्याभोवती ओलं गोणपाट, वर लाकडी झाकण, बाजूला ओगराळं आणि साखळीला बांधलेला पेला. मृग लागला की रांजण आत, जिन्याखाली. पुढच्या पाडव्यापर्यंत तिथे फक्त एक गोल डाग राहतो.

आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आई त्या रांजणाची पूजा करते. पितरांसाठी पाण्याचा घट पुजायचा असतो, तो आमच्याकडे घरात न पुजता दारातला हाच पुजतात. हळदकुंकू, झेंडूची माळ, वर दोन आंबे. आंबे तासाभरात जातात. माळ मात्र चार-पाच दिवस वाळत राहते.

आणि सर्व्हे त्या वर्षी नेमका आखितीच्या दुसऱ्या दिवशी आला.

सर्व्हे करणारी दोन पोरं नाशिककडची होती, त्यांना गल्ल्या माहीत नव्हत्या म्हणून मॅडमनी मला सोबत पाठवलं. एक जण तिपाईवरच्या दुर्बिणीतून बघणार, दुसरा काठी धरणार. विजेचा खांब आला की खांबाचं चिन्ह, झाड आलं की झाडाचं, गटाराचं झाकण आलं की त्याचं. आणि ज्यावर कुंकू, शेंदूर किंवा हिरवी चादर असेल त्याला प्रार्थनास्थळाचं चिन्ह. ते किती मोठं, किती जुनं, कुणी बांधलं, हे कुणी विचारत नाही. आमच्या धंद्यात त्या चिन्हाच्या वाटेला कुणी जात नाही. त्याच्याभोवती आपोआप एक मोकळी जागा सुटते आणि सगळ्या रेघा वळसा घालून जातात.

आमच्या दारापाशी आल्यावर काठीवाल्याने विचारलं, "काका, हे काय आहे?"

मी रांजणाकडे बघितलं. कुंकू ताजं होतं.

"देवाचं आहे," मी म्हणालो.

"लावू ना चिन्ह?"

"लाव."

इतकंच झालं. त्याने लावलं, आम्ही पुढे गेलो. पुढे एक पिंपळ होता, त्यालाही तेच चिन्ह लागलं.

मी तेव्हा काय विचार केला होता, हे मी नंतर पुष्कळ वेळा आठवून बघितलं. आईने पुजलेली वस्तू होती, 'देवाचं आहे' हे काही खोटं नव्हतं. त्याच वेळी जिना आमच्या दारात उतरतो हेही मला ठाऊक होतं, मीच तर तो काढला होता. यातलं कुठलं डोक्यात आधी आलं? एखाद्या दिवशी मला शपथेवर सांगावंसं वाटतं, की मी निरागसपणे बोललो. दुसऱ्या दिवशी दाढी करताना वाटतं, की त्या पोराने विचारण्याच्या आधीच उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. खरं उत्तर 'आमचं आहे' हे होतं. ते मी दिलं नाही.

पावसाळ्यात सुधारित आराखडा आला आणि आमच्या बाजूचा जिना समोर गेला होता. समोर म्हणजे मामांच्या पायरीवर.

मामा म्हणजे आमच्या समोरचे घोंगडीवाले. सगळी गल्ली त्यांना मामाच म्हणते. करमाडच्या पलीकडच्या एका खेड्यातले. भावाची मेंढरं अजून आहेत, मामा मात्र तरुणपणीच घोंगड्यांचं गाठोडं घेऊन शहरात आले आणि या दुकानात बसले. दुकान एवढंसं. आत गेलं की लोकरीचा वास नाकात बसतो, उन्हाळ्यात तर गुदमरायला होतं. सिल्लोडकडची जुनी गिऱ्हाइकं अजून लग्नासाठी, देवासाठी त्यांच्याकडूनच घोंगडी नेतात. उरलेल्या वेळात मामा पानिपतच्या ब्लँकेटी विकतात आणि त्या विकताना त्यांची निंदा करतात. "घ्या, घ्या. एक हिवाळा टिकंल. पुढल्या हिवाळ्याला तुम्ही टिकला म्हंजी परत या."

दुकानाचा मालक वेगळा. त्याने मामांना सांगितलं होतं, की दसऱ्याला करार संपतो, ठेवायचं असेल तर दहा वर्षांचं बोला, नसेल तर सोडा. मामांच्या मुलाने करमाडला रस्त्याकडेला एक गाळा बघून ठेवला होता. तो म्हणायचा, शहर सोडा. मामांचं मन होईना. सगळं एका गोष्टीवर अडलं होतं. रेल्वे आली आणि दुकान गेलं तर नवा करार पाण्यात जाणार. नाही आली, तर उगाच चाळीस वर्षांची जागा सोडली असं होणार.

श्रावणात एका संध्याकाळी मी ऑफिसमधून येत होतो. त्यांनी हाक मारली.

"अहो नकाशेवाले! या की जरा. च्या घ्या."

मी बसलो. त्यांनी चहा सांगितला. आई वर खिडकीत होती.

"काकू," मामा वर बघून ओरडले, "तुमच्या पोराला जरा खरं बोलाया सांगा!"

"तो खोटं कधी बोलला?" आई वरून म्हणाली. "मुळात बोलतच नाही तो. लग्नात सुद्धा त्याच्या वतीने मीच बोलले."

मामा हसले. मग आवाज खाली घेतला. "ह्यो जिना कुठं उतरतोय म्हनं?"

"कुठला जिना?"

"आता बघा. अख्खी गल्ली बोलतीया आन तुम्ही कुठला जिना म्हनताय. ठेसनाचा. एक जन म्हनतोय तुमच्या दारात, एक म्हनतोय माझ्या दारात. तुम्ही काढताय ना? मंग सांगा. मला दसऱ्याच्या आत मालकाला जवाब द्यायचाय."

त्या दिवशी दुपारीच मी तो जिना काढला होता. पायऱ्या, मधला कट्टा, हाताच्या पकडीचा पाइप, सगळं. मामांच्या दुकानाचं शटर नकाशात एका तुटक रेघेने दाखवलं होतं. जे पाडायचं ते तुटक रेघेने दाखवतात.

"मामा, अजून काही नक्की नाही," मी म्हणालो.

"नक्की नाय म्हंजी काय? येतंय का नाय येत?"

"म्हणजे... मला माहीत नाही. वरून बदलत असतं सारखं."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मेंढीच्या अंगावर हात फिरवून लोकर कशी आहे बघतात, तसं. मी चहात बघत राहिलो.

"बरं," ते म्हणाले. "च्या गार होतोय."

ऑफिसची गुप्तता हे कारण होतं. ते खरंच होतं. नकाशा बाहेर सांगायचा नाही, असं आम्हाला बजावलेलं होतं. पण गुप्तता पाळायची होती तर मला इतकं चोरट्यासारखं का वाटावं? घरी आल्यावर आईने विचारलं, "काय म्हणत होते?" मी म्हणालो, "काही नाही, चहा." बायको म्हणाली, "तुझा चेहरा असा का झालाय?" मी आरशात बघितलं. मला नेहमीसारखाच वाटला.

मी ठरवलं, मॅडमना सांगायचं. रोज ठरवायचो. त्या कमानीच्या दगडाचा रंग बघत असायच्या, किंवा फोनवर असायच्या, किंवा नसायच्या. खरं म्हणजे सांगायचं काय, हेच मला जुळवता येईना. 'मॅडम, ते मंदिर नाही, रांजण आहे.' हे वाक्य मनात म्हटलं तरी हसू यायचं. आणि ते सांगितलं, तर जिना परत आमच्या दारात येणार. आईला त्या पायऱ्यांच्या सावलीत राहावं लागणार. मी आईसाठी गप्प आहे की माझ्यासाठी, तेही कळेना. गणपती आले आणि गेले.

मग झाडं आणि पाण्याच्या पाइपलाइनी पुन्हा मोजायच्या म्हणून सर्व्हेवाली पोरं परत आली. या वेळी त्यांना वाट माहीत होती, मी सोबत नव्हतो. दुपारी मॅडमनी मला आत बोलावलं. खोलीत आणखी तिघं-चौघं होते. टेबलावर नकाशा पसरलेला आणि मॅडमचा चेहरा उतरलेला.

"काका, हे तुमच्या गल्लीतलं आहे ना? इथे मंदिराचं चिन्ह आहे. आज पोरं म्हणतात, तिथे काहीच नाही. जमिनीवर नुसता गोल डाग आहे. मंदिर गेलं कुठे? कुणी हलवलं? आपल्या सर्व्हेनंतर हलवलं असेल तर हे किती महागात पडेल, कळतंय का तुम्हाला?"

या शहरात नकाशावरचं देऊळ जमिनीवरून नाहीसं होणं म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. एक जण म्हणाला, आधी वर कळवू. दुसरा म्हणाला, कळवू नका, आधी फोटो शोधू.

"मॅडम," मी म्हणालो, "ते मंदिर नव्हतं. आमच्या आईचा रांजण आहे. पाणपोईचा. मृग लागल्यावर आत ठेवतो. आखितीचं कुंकू होतं म्हणून... मीच लाव म्हणालो."

मग कुणीतरी हसलं आणि सगळेच हसायला लागले. मॅडमसुद्धा, सुटका झाल्यासारख्या. "काका, रांजणाला मंदिर केलंत तुम्ही!" मला कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं.

मी विचारलं, "त्या चिन्हामुळेच जिना पलीकडे गेला ना?"

मॅडमनी कपाळ चोळलं. "त्यामुळे... असेल. पण नहरही त्याच बाजूने दाखवलीय एका नकाशात. आणि वळणावर गाडी थांबायची अडचण होती. मला आता नक्की आठवत नाही. दोन्ही असेल." मग म्हणाल्या, "काढून टाकू चिन्ह. आता दोन्ही बाजूंचा विचार परत करता येईल."

मी त्या दिवशी लवकर निघालो. नवरात्र सुरू झालं होतं, दसरा अजून यायचा होता, म्हणजे उशीर झालेला नव्हता. मामा दुकानात घोंगड्यांच्या घड्या घालत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. रांजण, कुंकू, चिन्ह, मी 'लाव' म्हणालो ते, श्रावणात जिना त्यांच्या पायरीवर होता ते, आणि आता चिन्ह निघालं आहे, काही ठरवू नका, ते.

त्यांनी घडी पूर्ण घातली.

"घट बसायच्या दिवशीच सांगितलं मी मालकाला," ते म्हणाले. "सोडतो म्हनून."

"पण मी तर म्हणालो होतो, नक्की नाही..."

"तुम्ही तोंडानं ते म्हनलात. तोंडावर दुसरंच व्हतं. मला वाटलं, बिचारा वळखीचा मानूस, त्याला बोलता येईना. समजून घेतलं मी." ते थोडे हसले. "म्हंजी कुंकवानं वाचला व्हय तुमचा दरवाजा! आधी बोलला असता, तर मीबी भंडारा लावला असता पायरीला. बिरोबाचा एक तांदळा धोंडा आणून ठिवला असता."

घडी थप्पीवर ठेवून तेच म्हणाले, "नाय. नसता ठिवला. देवाला काय दारावर राखनीला बसवायचं?" मग पुन्हा, "काय सांगावं. ठिवलाबी असता."

मी मालकाशी बोलतो म्हणालो. बोललोही. मालकाने दुकान तोवर मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एका पोराला देऊ केलं होतं. दिवाळीआधी मामांचं सामान एका छोट्या टेम्पोत भरलं गेलं. आईने त्यांना दहीपोहे दिले. टेम्पो गेल्यावर गल्लीत दोन दिवस लोकरीचा वास होता. मला तरी येत होता.

आणि दिवाळीनंतर स्थानक सरकलं. गल्लीच्या तोंडाशी वळण घट्ट होतं म्हणून सगळाच मार्ग मैदानाच्या बाजूला गेला. आता जिना ना आमच्या दारात उतरतो, ना मामांच्या. नव्या नकाशात आमच्या गल्लीत नुसती कोरी जागा आहे. कमानी तशाच आहेत, जाळी तशीच आहे, मकबरा मात्र आता दिसत नाही, मध्ये एक कॉम्प्लेक्स येतं. मॅडम हळहळल्या. मी कशासाठी हळहळावं ते मला ठरवता आलं नाही. माझ्यामुळे दुकान गेलं म्हणावं, तर मॅडमना कारण आठवत नाही. माझ्यामुळे गेलं नाही म्हणावं, तर मामांनी माझाच चेहरा वाचला होता.

या पाडव्याला रांजण बाहेर काढताना आई म्हणाली, "समोर ठेव. त्या बाजूला सावली आहे." कव्हरवाल्या पोराची हरकत नव्हती, त्याला गिऱ्हाइकं थांबलेली हवीच होती. म्हणून रांजण मामांच्या जुन्या पायरीवर गेला.

वैशाखात मामा दवाखान्यासाठी शहरात आले. मी घरी होतो. खाली आवाज आला म्हणून गेलो, तर ते आपल्याच पायरीवर बसून ओगराळ्याने पाणी घेत होते. आई शेजारी स्टुलावर.

"काकू, पानी लई गार हाय."

"नवा आहे. जुना बाहेर काढला नि तडकला."

"काय नकाशेवाले, ठेसन कुठवर आलं?"

"ते आता मैदानाकडं गेलं, मामा."

"गेलं? आलं कवा व्हतं, गेलं म्हनायला?"

आई हसली. मीही हसलो, पण उशिरा.

मग त्यांनी मूळ गोष्ट काढली. करमाडचा गाळा काही चालत नव्हता. "तिथं घोंगडी कोन घेतंय? लोकं पत्रे आन पाइप घ्यायला येत्यात." पण गाळ्याच्या मागे थोडी जागा विकायला निघाली होती. मुलगा म्हणत होता, घेऊन टाकू. रेल्वे आधी वाटेतल्या शेंद्र्यापर्यंत येणार आणि पुढे करमाडला, असं सगळीकडे बोललं जात होतं.

"आता खरं सांगा. येतंय का आमच्याकडं?"

आमच्या मोठ्या नकाशात मार्ग शेंद्र्याला संपतो. त्यापुढे ठिपक्यांची एक रेघ आहे, टोकाला बाण. बाण मीच काढला. तो का काढायला सांगितला, कुणी सांगितला, हे मला माहीत नव्हतं.

"मामा, मला माहीत नाही."

त्यांनी पुन्हा माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, अगदी त्या श्रावणासारखंच.

"मागं बी असंच म्हनला व्हता."

"तेव्हा माहीत होतं. आता खरंच नाही."

"मंग मी वळखू कसं?" ते म्हणाले. चिडून नाही. त्यांना खरोखरच कळत नव्हतं. मलाही.

"चला," मी म्हणालो. "दाखवतो."

गुप्तता वगैरे मला त्या वेळी आठवली नाही, किंवा आठवली आणि मी तिच्याकडे बघितलं नाही. त्यांना गाडीवर मागे बसवून ऑफिसला नेलं. रविवार होता, कुणी नव्हतं. आधी मोठा नकाशा दाखवला. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

"हे ठिपके म्हंजी काय?"

"म्हणजे कुणी काही ठरवलेलं नाही. कधीतरी पुढं न्यायचं झालं तर इकडून, एवढंच."

"आन माझं दुकान कुठं व्हतं?"

मी जुना आराखडा उघडला. त्यांनी जिना बघितला, तुटक रेघ बघितली. समोरचं चिन्ह बघून म्हणाले, "ह्यो काकूचा रांजन?" मी हो म्हणालो. त्यांनी बोट जिन्यावर ठेवलं.

"ह्या जिन्यावरनं चढून गेलं की काय येतंय?"

मी सांगितलं. वर तिकीटघर, कमानी पैठण गेटासारख्या. तिथून दुसरा जिना, मग फलाट. बाजूंना जाळी, एका ठिकाणी मोकळी, तिथून मकबरा आणि डोंगर. मी पानं उलटत गेलो आणि ते ऐकत गेले. मधेच विचारलं, "म्हाताऱ्या मानसाला चढायला?" मी लिफ्ट दाखवली. "रिक्षा उभ्या राहत्यात तिथं?" "हो, तिथंच."

"चांगलं काढलंय," मामा म्हणाले.

करमाडवरून जाणाऱ्या जालन्याच्या गाडीला वेळ होता तरी ते उठले. बसस्टँडवर सोडलं तेव्हा म्हणाले, "पोराला सांगतो, थांब म्हनून. जागा कुठं पळून नाय जात." गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून मागे वळले. "पन काय पक्कं झालं की सांगा. ह्या वक्ताला तोंडानं सांगा."

तेव्हापासून नकाशा बदलला की मी त्यांना फोन करतो. ठिपके तिथेच असले तरी करतो. "मामा, काही बदल नाही." "बरं." यात त्यांची सोय किती आणि माझी किती, हे मला सांगता येत नाही. कधीकधी सून फोन उचलते, आणि "रेल्वेवाल्याचा हाय" असं तिने ओरडून सांगितलेलं मला ऐकू येतं.

परवा वरून नवीन पान आलं, त्यात ठिपके नव्हते. बाणही नव्हता. मी लगेच फोन लावला.

"मामा, ठिपके पुसले."

पलीकडे मेंढरांचा आवाज होता, म्हणजे ते भावाकडे होते.

"म्हंजी येनार नाय?"

मी पानाकडे बघितलं. शेंद्र्याच्या पुढे नुसता पांढरा कागद होता.

"तेही कुणी म्हटलेलं नाही, मामा. नुसते पुसलेत."

"बरं," ते म्हणाले, आणि फोन न ठेवता तसेच राहिले. मीही ठेवला नाही.